लिनक्स टाकताय? स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. ज्यांची मशीन विंडोज ११च्या अटींत बसली नाहीत, ते लोक तेव्हापासून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू लागले. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, एवढ्यासाठी धडधाकट कॉम्प्युटर भंगारात काढायचा नाही हा विचार चांगलाच आहे. मी डेस्कटॉपवर बरीच वर्षं लिनक्सचा मिंट हा प्रकार वापरतो, त्यामुळे सोसायटीत, नात्यागोत्यात कुणी 'लिनक्स टाकायचंय' म्हणालं की मला मनापासून आनंद होतो. तो आनंद टिकतो पहिला फोन येईपर्यंत. कारण फोनवर ऐकू येणारे घोळ ठरलेले आहेत, आणि त्यातल्या बहुतेक घोळांच्या आधी स्क्रीनवर स्वच्छ सूचना आलेली असते. ती कुणी वाचलेली नसते.

बिटलॉकरची किल्ली जवळ नसताना बायोसमध्ये शिरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून तिच्यावर सविस्तर बोलतो.

ओळखीतले एक वकील. त्यांचा लॅपटॉप जरा संथ झाला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला भाचा सुट्टीत आला आणि म्हणाला, "मामा, लिनक्स टाकून देतो, रॉकेट होईल." एक व्हिडिओ पाहून पेनड्राइव्ह बनवला, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, गेला, तिथे जे जे बदला म्हणून सांगितलं होतं ते बदललं. पेनड्राइव्हवरून काही सुरू होईना, म्हणून तो काढून पुन्हा विंडोज चालू करायला गेला, तर निळी स्क्रीन: बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की टाका.

वकीलसाहेबांना बिटलॉकर हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं. विंडोजच्या होम आवृत्तीत त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते चालू होऊन किल्ली त्या अकाउंटवर जाऊन बसते. आता खरी गंमत. हे अकाउंट वकीलसाहेबांचं नव्हतंच. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने 'सर, सगळं सेटअप करून देतो' म्हणत स्वतःच एक ईमेल आयडी बनवून टाकला होता. तो मुलगा आता त्या दुकानात नव्हता. लॅपटॉपमध्ये अशिलांची कागदपत्रं, दोन दिवसांवर तारीख, आणि बॅकअप? "गुगलवर असेल ना?" नव्हता.

मी गेलो तेव्हा भाच्याने तीन वेळा सांगितलं, "मी काहीच केलं नाही."

"सिक्युअर बूट?"

"ते ऑफ केलं."

"अजून?"

"बूट ऑर्डर बदलली. आणि ते फास्ट बूट पण."

"टीपीएम क्लिअर केलं का?"

"तिथे ऑप्शन होता, पण वॉर्निंग आली म्हणून सोडून दिला."

सबंध प्रकरणात त्याने वाचलेली तेवढी एकच सूचना, आणि तिनेच मामांना वाचवलं. विंडोज रोजची किल्ली (ते ४८ अंक नव्हेत) टीपीएम चिपमध्ये ठेवते आणि बूट होताना सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय, यासारख्या गोष्टी पूर्वी होत्या तशाच आहेत का ते तपासते. बदल दिसला की किल्ली देत नाही. म्हणजे बदललेलं पूर्ववत केलं तर बहुतेक वेळा कुलूप आपोआप उघडतं. आम्ही एकेक सेटिंग जागेवर आणलं, सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं आणि विंडोज निमूटपणे सुरू झाली. टीपीएम क्लिअर झालं असतं तर त्या दुकानातल्या मुलाला शोधत फिरण्याशिवाय मार्ग नव्हता.

माझी सवय अशी: कुणाच्याही मशीनला हात लावण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघायचं. असेल तर मालकाच्या अकाउंटवरून ४८ अंक कागदावर उतरवून घ्यायचे. कागदावरच, त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये नाही. (हसू नका, असं करणारे भेटलेत.) मग एन्क्रिप्शन बंद करायचं आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं. बायोसमध्ये काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि सिक्युअर बूट बंद करा म्हणून सांगणारे जुने व्हिडिओ सोडून द्या. मिंट, उबंटू, फेडोरा यांच्या चालू आवृत्त्या ते चालू असतानाही बसतात.

शटडाऊन केलं म्हणजे विंडोज बंद झाली असं समजणं

बंद होत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज शटडाऊनच्या वेळी आपला गाभा हार्डडिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवते. तिच्या दृष्टीने ते ड्राइव्ह अजून वापरात असतात. मग लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडला की फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही, आणि लोक म्हणतात लिनक्सने ड्राइव्ह लॉक केला. त्यावर उपाय म्हणून कुठलीशी जबरदस्तीची कमांड मारली की फाइली गायब होण्याची सोय होते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपची टिक काढा, विषय संपला. तेवढाही धीर नसेल तर शिफ्ट दाबून शटडाऊन करा. रीस्टार्टला हा प्रश्न येत नाही.

एकाच डिस्कवर दोन संसार

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, एका डिस्कवर होतं, व्यवस्थित होतं, पण मी ते कुणाला करून देत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर ड्युअल बूटवाल्या कित्येक मशीनवर लिनक्स सुरूच होईना. 'एसबॅट' ही सिक्युअर बूटमधली तपासणी फसल्याचा संदेश येऊन मशीन बंद व्हायचं. त्यात वापरणाऱ्याची काही चूक नव्हती आणि दुसऱ्या डिस्कनेही तो घोळ टळला नसता, पण इन्स्टॉल करतानाचे घोळ टळतात. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या एसएसडीला जागा असतेच. छोटी घ्या, इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, नंतर जोडा आणि सुरू करताना बूट मेनूतून हवं ते निवडा. केबल काढली की 'इरेझ डिस्क'वर चुकून क्लिक झालं तरी मुलांचे बारशाचे फोटो जात नाहीत.

यादी न वाचता 'वाय' दाबणं

टर्मिनलमध्ये काहीतरी चिकटवायचं, पासवर्ड टाकायचा, पुढे जे येईल त्याला 'वाय' म्हणायचं. मोबाइलवर ॲप टाकताना 'अलाऊ, अलाऊ' करत जाण्याची सवय इथे नडते.

शेजारच्या मुलाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पायथनची नवी आवृत्ती हवी होती. कुणीतरी लिहिलं होतं, आधी जुनी काढा. त्याने सुडो (म्हणजे मालकाचे अधिकार) लावून एपीटी या सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला पायथन३ काढायला सांगितलं. मिंटचा अपडेट मॅनेजर, सॉफ्टवेअर मॅनेजर, सिनॅमनच्या सेटिंग्ज, हे सगळं पायथनवर चालतं. एपीटीने अगदी सभ्यपणे लांबलचक यादी दाखवली: हे हे काढलं जाईल. त्यात सिनॅमन होतं, म्हणजे खुद्द डेस्कटॉप. खाली प्रश्न होता, पुढे जाऊ का? गड्याने 'वाय' दाबलं. रीस्टार्टनंतर काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ.

"काका, व्हायरस आला वाटतं."

हा प्रकार फक्त कॉम्प्युटर न कळणाऱ्यांकडून होतो असंही नाही. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या व्हिडिओत लायनस सेबॅस्टियन या नामवंत यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमांचं ॲप टाकताना आपला सगळा डेस्कटॉप उडवला. पॅकेजात दोष होता हे खरं, पण सिस्टिमने त्याला धोक्याची सूचना देऊन 'येस, डू ॲज आय से!' हे पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं होतं. त्याने ते टाइप केलं.

शेजाऱ्याच्या मशीनवर मी इन्स्टॉल करतानाच टाईमशिफ्ट, म्हणजे सिस्टिम होती तशी परत आणणारं साधन, लावून ठेवलं होतं. मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, आदल्या दिवसाचा स्नॅपशॉट परत टाकला आणि चहा व्हायच्या आत डेस्कटॉप जागेवर होता. प्रोजेक्टसाठी सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नसतो. व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा, बनवून त्यात काय हवा तो धुडगूस घाला.

माझे नियम साधे आहेत. एपीटीने 'रिमूव्ह'खाली काही दाखवलं की हात कीबोर्डवरून उचलायचा आणि नावं वाचायची. ज्या कमांडमधला एकेक शब्द कळत नाही ती सुडो लावून चालवायची नाही. 'परमिशन डिनाइड' आलं म्हणून सगळीकडे ७७७ (म्हणजे कुणीही काहीही करावं अशी परवानगी) लावण्याचा सल्ला देणाऱ्याचा पुढचा सल्लाही ऐकायचा नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतंय तोवर टर्मिनल उघडायचंच कशाला? टर्मिनल वापरलं म्हणजे आपण हॅकर झालो असं वाटणाऱ्या मुलांचा मला भयंकर कंटाळा येतो.

त्यावरून आठवलं: पहिलंच लिनक्स म्हणून काली, म्हणजे सुरक्षा तपासणाऱ्यांसाठीचं लिनक्स, टाकू नका. लिनक्सची ओळख नसेल तर काली वापरू नका, असं कालीवालेच आपल्या माहितीपानांवर सांगतात.

किरकोळ, पण रोजचे

विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं? मदरबोर्डचा सेल बदलू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून फरकही तेवढाच. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगता येतं. या कारणासाठी सेल बदलून पैसे घेणारे दुकानदार आहेत.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, मिंटच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते दाखवणारा आकडा, ताडून पाहा. २० फेब्रुवारी २०१६ला खुद्द त्या साइटमध्ये घुसून कुणीतरी मिंट १७.३च्या सिनॅमन आवृत्तीची डाउनलोड लिंक मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. टेलिग्रामवर मित्राने पाठवलेला आयएसओ तर विचारूच नका.

टाईमशिफ्ट तुमच्या फोटोंचा बॅकअप घेत नाही. ते सिस्टिमचे स्नॅपशॉट ठेवतं. होम फोल्डर मुळात वगळलेलं असतं. फोटोंसाठी वेगळी डिस्क.

इन्स्टॉल झाल्यावर वायफाय दिसत नाही म्हणून रडू नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळेल. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

सिक्युअर बूट चालू असताना एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला की रीस्टार्टला 'एमओके मॅनेजमेंट'ची (एमओके म्हणजे मशीनमालकाची किल्ली) निळी स्क्रीन येते. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबू नका. 'एनरोल एमओके' निवडा आणि इन्स्टॉल करताना ठरवलेला पासवर्ड द्या.

मराठीचं काय?

'लिनक्सवर मराठी चालत नाही' ही तक्रार मला मान्य नाही. युनिकोड मराठी उत्तम चालते. चालत नाही ती श्रीलिपी, कृतिदेव, किरण या जुन्या फॉन्टांतली मराठी, कारण त्या फाइलींत मुळात इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. फॉन्ट नाही, तर वेश उतरतो. तो फॉन्ट नुसता कॉपी करून आणण्यापेक्षा एकदा बसून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे काम विंडोज उडवण्याआधी करायचं असतं, कारण त्या जुन्या पॅकेजांचे कन्व्हर्टर तिथेच चालतात. मागच्या पंचवीस वर्षांच्या दिवाळी अंकाच्या फाइली सीडीवरून काढून 'हे उघडत नाही' म्हणणाऱ्या संपादकांना आता मी काय सांगू?

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट आहे. फोनेटिकची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनातून एम१७एन हा कीबोर्डसंच टाका. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' नीट उमटतात का हे पहिल्याच दिवशी तपासा. नसतील तर दोष सहसा फॉन्टचा असतो, मुक्त किंवा नोटो लावून पाहा. मंगल फॉन्टमधलं पत्र लिब्रे ऑफिसमध्ये उघडलं की ओळी इकडेतिकडे होतात, कारण मंगल विंडोजचा फॉन्ट आहे, लिनक्ससोबत येत नाही. कुणाला पाठवायचंच असेल तर पीडीएफ पाठवा.

दुकानात, ऑफिसात लिनक्स टाकण्याआधी

टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलवर टेंडर भरत असाल तर लिनक्सवर त्याची बरीच खटपट करावी लागते. अशा माणसाला मी स्वच्छ सांगतो, एक विंडोज मशीन ठेवा. लिनक्सची बाजू घ्यायची म्हणून कुणाच्या धंद्याशी खेळायचं नाही.

आणि प्रिंटर. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून सरकारी टेबलांपर्यंत कॅननचा एलबीपी २९०० दिसतो. दणकट प्रिंटर आहे, पण तो 'कॅप्ट' नावाची स्वतःची भाषा बोलतो आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे. आता डोकं घालायला तयार असाल तरच त्या वाटेला जा. नवा प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर 'एअरप्रिंट' लिहिलंय का तेवढं बघा. तसे प्रिंटर सहसा ड्रायव्हरशिवाय चालतात. जुनाच ठेवायचा असेल तर इन्स्टॉल करण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरून चालवा, प्रिंटर जोडा आणि एक पान छापून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उठणं, हेही त्याच वेळी बघून घ्या. पेनड्राइव्हवर चाललं नाही तर 'इन्स्टॉल'च्या चिन्हावर क्लिक करू नका, आधी मला फोन करा.