जुने पाकपुस्तक शोधताना आणि सापडल्यावर

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे १९१० साली प्रसिद्ध झालेले 'गृहिणीमित्र' किंवा कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ची पहिली आवृत्ती हवी असेल, तर पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष कागदावर लिहून रद्दीच्या दुकानात देऊन ठेवावे. मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथांवर स्वतः फिरावे. ग्रंथालयांनी निर्लेखित केलेल्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकलेल्या, पुस्तकांचे गठ्ठेही जरूर चाळावेत, कारण पाकपुस्तके बहुधा त्यांतच दडपलेली असतात.

पुस्तक हाती लागले की मन हरखून जाते, आणि ते जावेच. तरी पैसे देण्यापूर्वी पाने मोजून पाहावीत. लोणची आणि दिवाळीच्या फराळाची पाने सर्वाधिक हाताळली जातात, म्हणून तीच आधी सुटतात. मुखपृष्ठ व सनाचे पान गहाळ असेल, तर मलपृष्ठावरील किंमत पाहावी. ती आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचे असते. 'नये पैसे' छापले असतील, तर त्यानंतरच्या काही वर्षांतले. शके दिला असल्यास इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवावेत.

हळदीचे डाग आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी यांमुळे पुस्तकाची किंमत कमी होत नाही, असे माझे ठाम मत आहे. पुरणपोळीच्या कृतीशेजारी कोणी 'गूळ पाऊण वाटी पुरे' असे लिहून ठेवले असेल, तर ती कृती खरोखर करून पाहिलेली आहे, याची याहून चांगली साक्ष नाही. अशा नोंदी खोडू नयेत आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डिंक कालांतराने पिवळा पडून कागद खातो.

कसर लागल्याचा संशय आल्यास पुस्तक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर, पाणी सुटू नये म्हणून, पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवावी.

मग स्वयंपाकाला लागावे. जुन्या कृतींत प्रमाण शेरांत असते; वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मात्र धान्य मापानेही मोजत असल्यामुळे लेखिकेने कोणता शेर धरला आहे हे प्रस्तावनेत पाहावे आणि पहिल्या खेपेस सगळे प्रमाण चतुर्थांश घ्यावे.