किल्ट नेसून कचेरीला जाताना

स्कॉटलंडच्या पारंपरिक किल्टला, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या निऱ्यांच्या घागऱ्याला, सुमारे आठ वार लोकरी कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा जेमतेम एक वार कमी; फरक इतकाच, की त्याच्या निऱ्या पाठीमागे येतात आणि शिवून पक्क्या केलेल्या असतात. (तो कमरेभोवती गुंडाळायचा असल्याने मी ‘घालणे’ न म्हणता ‘नेसणे’ म्हणतो.)

मुंबईतल्या कचेरीत तो नेसायचा असेल, तर प्रथम कंपनीची पोशाखाची नियमावली शब्दशः वाचावी. तीत ‘पूर्ण लांबीची पँट’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर अर्थ काढत बसण्यापेक्षा सरळ सवलत मागावी. केवळ ‘फॉर्मल पोशाख’ एवढेच म्हटले असेल, तर एचआरला छायाचित्रासह ईमेल करून लेखी होकार घ्यावा, कारण साहेबांनी चहा पिताना दिलेला तोंडी होकार साहेबांची बदली झाली की संपतो. तमिळनाडूने २०१४ मध्ये वेष्टी (तमिळ धोतर) नेसलेल्यांना क्लबसारख्या ठिकाणी अडवण्यास मनाई करणारा कायदा केला खरा, पण तो त्या राज्यापुरता आणि प्रवेशापुरता आहे. मुंबईतल्या नोकरीत त्याचा दाखला देऊ नये.

किल्ट बेंबीच्या पातळीवर बांधावा आणि त्याची कड गुडघ्याच्या मध्यावर यावी. पँटसारखा खाली बांधला, की तो गबाळा दिसतो आणि मग नियमावलीही वाचवत नाही. समोर एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी पिन फक्त वरच्या पदराला लावावी, कारण दोन्ही पदर एकत्र टोचल्यास चालताना कापड ओढले जाऊन फाटते. वर साधा एकरंगी शर्ट, खाली लांब मोजे आणि चामडी बूट असावेत. जाड लोकर मे महिन्यात सोसवत नाही आणि पावसात भिजली तर लवकर वाळत नाही, म्हणून इथे हलक्या वजनाचा किंवा सुती किल्टच बरा.

पारंपरिक किल्टला खिसे नसल्याने लोकलचा पास आणि मोबाइल पुढच्या चामडी पिशवीत, म्हणजे स्पोरनमध्ये ठेवावा. गर्दीत ती बाजूला सरकवता येते. बसण्यापूर्वी दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या सपाट कराव्यात आणि गुडघे जुळवून बसावे, विशेषतः चौथ्या सीटवर. ‘आत काय?’ हा जगप्रसिद्ध प्रश्न कचेरीत उरूच नये. नरिमन पॉइंटचा वारा लक्षात घेऊन आत आखूड चड्डी असावीच.