लाकडावर पिकअप चालवायची तर आधी गळा मोजा

पेट्रोलचं इंजिन लाकडाच्या वायूवर चालवायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा बॉनेट उघडतात. माझं उलट म्हणणं आहे. इंजिनाचं काम थोडकं आहे आणि ते शेवटी करायचं असतं. गाडी चढ चढणार की मध्येच धापा टाकणार, वॉल्व्ह स्वच्छ राहणार की डांबराने चिकटणार, हे मागच्या हौद्यातल्या भट्टीच्या गळ्यावर, म्हणजे आगीखालच्या अरुंद तोंडावर ठरतं. म्हणून पहिलं हत्यार वेल्डिंग मशीन नाही, कागद-पेन्सिल.

आत काय घडतं ते थोडक्यात. लाकूड पेटवायचं, पण हवा मोजकीच द्यायची. नोझलपाशी, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी, तापमान हजार अंशांच्या वर जातं. लाकडातून निघणारा धूर आणि डांबराची वाफ वर न सोडता त्याच आगीतून खाली ओढायची, म्हणजे डांबर तुटतं. मग कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ लालबुंद कोळशातून जाते आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. हाच आपला इंधनवायू. त्यातला निम्मा भाग नुसता नायट्रोजन, त्यामुळे ताकद बेताचीच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या याच वायूवर चालल्या. त्या काळातली जॉर्ज इंबर्टची खाली ओढणारी भट्टी मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते.

आता हिशेब. २ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. २५०० आरपीएमला मिनिटाला २५०० लिटर, म्हणजे तासाला १५० घनमीटर. सिलिंडर कधी पूर्ण भरत नाहीत. पाऊणपट धरला तर सुमारे ११० घनमीटर. त्यात अंदाजे निम्मी हवा, निम्मा वायू. म्हणजे भट्टीकडून तासाला ५५ घनमीटर वायू हवा. इंबर्ट गळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरमागे तासाला जास्तीत जास्त ०.९ घनमीटर वायू नीट निघतो. ५५ ला ०.९ ने भागलं की ६१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटरचा व्यास. मी अशा इंजिनाला साडेआठच ठेवतो. कारण दुसरी मर्यादा खालची आहे: दर चौरस सेंटिमीटरला ०.३ घनमीटरच्या खाली ओढ गेली की आग थंडावते आणि डांबर न तुटता तसंच इंजिनाकडे निघतं. मोठा गळा केलात तर भर वेगात दोन घोडे जास्त मिळतील, पण हळू चालवताना रोज डांबर. तुम्ही गाडी खरोखर ज्या वेगाने चालवता त्या वेगाचा गळा करा.

त्या गळ्यावर साधारण १० सेंटिमीटर उंचीला गोलाकार पाच नोझल, प्रत्येकी १० मिलिमीटर भोकाची. नोझलांचं एकूण क्षेत्रफळ गळ्याच्या सहा-सात टक्के येतं, ते जमतं. नोझलांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे एकाची ज्वाला समोरच्याच्या तोंडावर येत नाही. गळ्याची कडी जाड घ्या आणि वेल्ड न करता नुसती बसती ठेवा. ती तडकणारच, तेव्हा बदलता आली पाहिजे. गळ्याच्या भोवती राख भरून ठेवा. राखेसारखं फुकटचं इन्सुलेशन दुसरं नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गरम भागात अजिबात नको, जस्ताचा धूर विषारी असतो.

गळ्याखाली हलणारी जाळी, तिचा दांडा बाहेर. वरती लाकडाचा हॉपर, म्हणजे लाकूड साठवायचं पिंप. २०० लिटरच्या पिंपात लाकडाचे तुकडे चाळीसेक किलो मावतात. एक लिटर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो कोरडं लाकूड लागतं, त्यावरून तुमचा पल्ला तुम्हीच काढा. हॉपरचं झाकण स्प्रिंगने दाबून बसवा, घट्ट बोल्ट नको. आत कधी भडका झाला तर झाकण उचकटून दाब सुटला पाहिजे.

भट्टीतून वायू निघाला की आधी सायक्लोन (वायू गोल फिरवून राख-धूळ वेगळी करणारं भांडं), मग कूलर, मग फिल्टर. कूलरचे पाइप एका बाजूला उतरते ठेवा आणि तळाला पाणी साठवायची टाकी द्या. वायू जितका थंड तितका सिलिंडरमध्ये जास्त मावतो, म्हणून इथे कंजुषी नको. टाकीतलं तपकिरी पाणी विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका, त्यात फिनॉल असतं. फिल्टरला वाळलेलं गवत दाबून भरलं तरी काम होतं; ओलं झालं की बदलायचं.

लाकडाबद्दल मी कोणाचंच ऐकत नाही, वजनकाट्याचं ऐकतो. ढिगाच्या मधला एक तुकडा घ्या, फोडा, ५०० ग्रॅम मोजा आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ४२५ ग्रॅम राहिलं तर ओल १५ टक्के, उत्तम. ४०० च्या खाली गेलं तर ते लाकूड अजून उन्हात पडू द्या. तुकडे ३ ते ६ सेंटिमीटरचे, ठोकळ्यासारखे. लांब काटक्या हॉपरमध्ये एकमेकींत अडकून पूल बांधतात, खाली पोकळी होते आणि आग वर चढते. भुसा तर घालूच नका, वाट बंद होते.

पहिल्यांदा पेटवताना जाळीपासून नोझलांच्या थोडं वरपर्यंत लाकडी कोळसा भरा, १ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे, आणि त्यावर लाकूड. वायू ओढणारा ब्लोअर (पंखा) सुरू करून नोझलमधून आग द्या. आधी पांढरा ओला धूर येईल. काही मिनिटांनी ब्लोअरच्या तोंडाशी ज्योत धरून बघा. वायू पेटला आणि ज्योत काढल्यावरही जळत राहिला, धूर नाही, ज्वाला निळसर आणि उन्हात जवळजवळ दिसेनाशी, तर इंजिनाला द्यायला तयार. पिवळी, धुरकट ज्वाला म्हणजे डांबर. थांबा.

हे सगळं उघड्यावर. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद शेडमध्ये तो माणूस मारतो. केबिनमध्ये अलार्म लावा. गाडी बंद केल्यावरही भट्टी बराच वेळ वायू सोडत असते, म्हणून गॅरेजमध्ये लगेच उभी करू नका. लाकूड भरताना झाकण उघडलं की एक पाऊल मागे. वायूला हवा मिळाली की भपकन पेटतो.

आता इंजिन. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवालं (ठिणगी सिलिंडरांना वाटणारा भाग) जुनं इंजिन असेल तर नशीब तुमचं. इनटेकला टी बसवा: एका बाजूने वायू, दुसऱ्या बाजूने हवा. हवेच्या फुलपाखरू वॉल्व्हची केबल डॅशबोर्डवर आणा. गाडी एकसारख्या वेगात असताना हवा हळूहळू वाढवा. ताकद वाढेल, मग पडायला लागेल. पडायच्या किंचित अलीकडे थांबा. हा लिव्हर एकदा लावून विसरायचा नाही. भट्टी तापली, लाकूड बदललं की तोही बदलतो.

टायमिंग हा खरा खेळ. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते, पेट्रोलच्या टायमिंगपेक्षा १० ते १५ अंश आधी. पेट्रोलवर जास्त अ‍ॅडव्हान्स झाला की इंजिन टकटक करून सांगतं. हा वायू सहसा नॉक होत नाही, त्यामुळे कानाला काही कळत नाही. यासाठी एक ठरावीक चढ निवडा, एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने सुरुवात करून घड्याळ लावा. डिस्ट्रिब्युटर दोन-दोन अंश फिरवत न्या. वेळ कमी व्हायची थांबली की तिथून दोन अंश मागे या. पेट्रोलवर परत येताना टायमिंगही मागे घ्यावं लागतं, म्हणून डिस्ट्रिब्युटरलाही केबल लावणं शहाणपणाचं. एवढं करूनही तिसरा हिस्सा ताकद जाणारच. गिअर लवकर उतरवायची सवय लावा.

दोन पारदर्शक नळ्या यू आकारात वाकवून, रंगीत पाणी घालून केबिनमध्ये लावा. एक भट्टीची ओढ दाखवेल, एक फिल्टरची. त्याच वेगाला भट्टीची ओढ रोजच्यापेक्षा वाढली तर जाळीवर राख साठली आहे, दांडा हलवा. फिल्टरची वाढली तर गवत बदला. ओढ अचानक कमी झाली आणि ताकदही गेली, तर कुठेतरी गळती आहे किंवा हॉपरमध्ये पूल बांधला गेला आहे.

गर्दीत रेंगाळायची वेळ आली तर सरळ पेट्रोलवर या. आयडलिंगला भट्टीला तासाला पाचेक घनमीटरचीच ओढ मिळते आणि साडेआठच्या गळ्याला किमान सतरा तरी हवी.

डांबर कळायला प्रयोगशाळा लागत नाही. थ्रॉटलच्या मागचा पाइप सोडवा आणि आतून पांढरं फडकं फिरवा. कोरडी, राखाडी काजळी आली तर ठीक. तपकिरी, चमकदार आणि बोटाला चिकटणारं काही आलं तर त्या रात्री इंजिन थंड होऊ देण्याआधी ते पेट्रोलवर चांगलं तापवून चालवा. नाहीतर इनटेक वॉल्व्ह गाइडमध्ये चिकटतो आणि सकाळी स्टार्टर मारताच पुशरॉड वाकतो. मग गळा, ओल आणि कोळशाचा थर, याच क्रमाने तपासा.