फॉलोअर व्हीलचे खोटे काउंट आर्ममधून येतात

मोटरच्या एनकोडरवर (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर) ओडोमेट्री, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून रोबो किती सरकला याचं मोजमाप, टिकत नाही, हे रोबोकॉन या रोबो स्पर्धेच्या तयारीला लागलेल्यांना सांगायला नको. चाक घसरलं की मोजमाप गेलं. म्हणून मोटर नसलेलं, जमिनीच्या ओढीने आपसूक फिरणारं वेगळं चाक लावतात, तेच फॉलोअर व्हील. ५८ मिमीचं ओम्नी (परिघावर छोटे रोलर असलेलं, बाजूलाही सरकणारं चाक) आणि ६०० पीपीआरचा, म्हणजे फेरीमागे ६०० पल्स देणारा इन्क्रिमेंटल एनकोडर घेतला, तर चारपट डिकोडिंगने (एका पल्सचे चार काउंट मोजून) फेरीमागे २४०० काउंट मिळतात. परीघ १८२.२ मिमी, म्हणजे एक काउंट साधारण ०.०७६ मिमीचा. एवढी बारकाई भरपूर झाली. जास्त पीपीआरवर पैसे घालवू नका.

घात होतो तो आर्ममध्ये. चाक जमिनीला टेकून राहावं म्हणून ते पिव्होटवर (बिजागरीसारख्या सांध्यावर) झुलणाऱ्या आर्मवर बसवतात आणि सोपं पडतं म्हणून एनकोडरही त्याच आर्मवर, चाकाच्या शाफ्टला जोडतात. आता रोबो जागचा हललेला नाही, फक्त चेसिस ३ मिमी दबली असं धरा. चाक फिरलं नाही, पण ६० मिमीचा आर्म सुमारे २.९ अंश वळला आणि एनकोडरची बॉडी त्याच्यासोबत वळली. शाफ्ट आणि बॉडी यांच्यातला फरक म्हणजेच काउंट. १९ काउंट पडले, जवळपास दीड मिमी! आर्म परत आला की काउंटही परत येतात, त्यामुळे रिकाम्या रोबोच्या चाचणीत काहीच दिसत नाही. रोबोने एका बाजूला वजन उचललं आणि चेसिस तिथे दबलेलीच राहिली, की चूक मुक्कामाला येते. दोन समांतर फॉलोअरमध्ये ३०० मिमी अंतर असेल, तर या दीड मिमीने हेडिंग (रोबोच्या तोंडाची मोजलेली दिशा) इतकं वळतं की पाच मीटरवर रोबो सुमारे अडीच सेंटीमीटर बाजूला जातो.

'कोडमध्ये फिल्टर लाव' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मग तो कितीही सीनियर असो. फिल्टरला खरा आणि खोटा काउंट सारखाच दिसतो.

उपाय मेकॅनिकल आहे. एनकोडर चेसिसवर, पिव्होटच्या अक्षावरच बसवा. पिव्होटला ६ मिमीचा शाफ्ट, चेसिसच्या दोन ब्रॅकेटमध्ये ६२६ बेअरिंग (आतून ६, बाहेरून १९ मिमी), आर्मही त्याच शाफ्टवर स्वतःच्या बेअरिंगने झुलता. चाकाच्या शाफ्टला आणि या शाफ्टला २० दातांची जीटी२ पुली (२ मिमी पिचच्या दातेरी बेल्टची), ६० मिमी अंतराला १६० मिमीचा बंद बेल्ट. दोन्ही पुल्या सारख्याच हव्यात: तरच आर्म वर-खाली झाला तरी पिव्होटचा शाफ्ट चाकाइतकाच फिरतो, आर्मचं वळण त्यात मिसळत नाही. एनकोडर फ्लेक्सिबल कपलिंगने जोडा. चाक थेट एनकोडरच्या शाफ्टवर लटकवलं तर प्रत्येक दणका त्याच्या छोट्या बेअरिंगवर जातो.

रोबो उभा असताना आर्म जवळपास आडवा ठेवा. तो ३० अंश खाली झुकलेला असेल, तर ३ मिमी दबल्यावर चाक खरोखरच दीड मिमीपेक्षा जास्त पुढे-मागे गडगडतं, आणि त्याला बेल्टही वाचवू शकत नाही.

स्प्रिंगचा दाब चाकामागे ५०० ते ६०० ग्रॅम ठेवा, स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजून. कमी असेल तर मैदानाच्या प्लायवुडच्या सांध्यावर चाक उडतं. वीस किलोच्या रोबोवर अशी तीन चाकं मिळून दीड ते १.८ किलो भार घेतात. त्याहून जास्त दाबलंत तर ड्राइव्ह चाकांची पकड जाते.

नाशिकमध्ये पार्ट बनवून घेणं अवघड नाही. सातपूर-अंबड एमआयडीसीतला अनुभवी टर्नर फिटबद्दल जे सांगेल ते इंटरनेटवरच्या तयार कॅडमध्ये सापडत नाही, त्याचं ऐका. जाताना बेअरिंग सोबत न्या. लेझरने कापलेलं भोक किंचित निमुळतं येतं, त्यामुळे बेअरिंगची १९ मिमीची सीट लेझरला कमी मापाची ठेवून नंतर बोअर करून घ्या.

वायरिंगमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. एनकोडरचं ओपन कलेक्टर आउटपुट (सिग्नल फक्त खाली खेचणारं) असेल तर पुल-अप रेझिस्टर लागतोच, आणि तो ३.३ व्होल्टला बांधला की ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर सुरक्षित राहतो. दोन मीटर प्रति सेकंदाला एकेका एनकोडरचे २६ हजारांवर काउंट येतात. तीन एनकोडर इंटरप्टवर (प्रत्येक काउंटला प्रोसेसरचं काम थांबवून) घेतले की आर्डुइनो मेगा कोलमडतो. चिपमधला हार्डवेअर काउंटरच वापरा.

शेवटी चाकाच्या खऱ्या व्यासासाठी रोबो सरळ पट्टीला लावून तीन मीटर ढकला आणि पडलेल्या काउंटवरून मिळालेला व्यास ५८ ऐवजी कोडमध्ये टाका. मग रोबो उभा ठेवून चेसिसचे चारही कोपरे एकेक करून दाबा. काउंट एक-दोनपेक्षा जास्त हलले, तर आधी आर्मचा कोन आणि बेल्टचा ताण तपासा.