आग्वादच्या दीपगृहावर अर्धा दिवस

गोव्यात उंच मनोरा म्हटला की बहुतेकांना जुन्या गोव्याचा सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आठवतो. सुमारे 46 मीटर उंचीचा तो चिऱ्यांचा सुळका टेकडीवर उभा आहे खरा, परंतु खाली उभे राहून मान वर करण्यापलीकडे त्याच्याशी आपला संबंध येत नाही. ज्यांना प्रत्यक्ष पायऱ्या चढून वर जायचे आहे, वारा अंगावर घ्यायचा आहे आणि खालचा मुलूख नकाशासारखा पसरलेला पाहायचा आहे, त्यांनी आग्वादच्या टेकडीवरील दीपगृहाकडे जावे. पणजी किंवा म्हापशाहून दुपारी जेवून निघाले तर दिवेलागणीनंतर घरी परत येता येते, आणि लहान मुले व चालते-फिरते वडीलधारे यांना सोबत घेऊन जमण्यासारखी ही सहल आहे.

सर्वप्रथम एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. आग्वादला दीपगृहे दोन आहेत. किल्ल्याच्या तटाच्या आत जे पांढरे, गोल, चार मजल्यांचे, काहीसे ठेंगणे बांधकाम दिसते ते 1864 सालचे जुने दीपगृह होय. छायाचित्रांत तेच असते, पण त्यात चढू देत नाहीत. चढता येते ते तटाबाहेर, जवळच उभे असलेले नवे दीपगृह. ते 1976 मध्ये सुरू झाले आणि त्याच साली जुन्याचे काम थांबले. अनेक पर्यटक जुन्या दीपगृहासमोर छायाचित्र काढतात, दाराला कुलूप पाहून हळहळतात आणि नव्याकडे न फिरकताच गाडीत बसतात. (चित्रपटामुळे गाजलेला किल्ला शोधत येथे येणारेही पुष्कळ असतात, तो किल्ला शापोऱ्याचा, आणि तेथे दीपगृह नाही.)

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते या सहलीचे सारे यश तिच्यावरच अवलंबून आहे. किल्ला सकाळपासून उघडा असतो. दीपगृह मात्र लोकांसाठी दुपारनंतरचे थोडेच तास खुले असते. तेव्हा आधी दीपगृहाची त्या दिवसाची वेळ पाहून घ्यावी आणि मग बाकीचा कार्यक्रम त्या वेळेपासून उलटा मोजत मागे आणावा. मी हे एकदा उलट्या क्रमाने केले होते. बेळगावहून आलेल्या मावशींना घेऊन निघालो, कांदोळीत जेवणावर दीड तास घालवला, किल्ल्यात रेंगाळलो आणि दीपगृहाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा खिडकीतील माणूस तिकिटांचे पुस्तक बंद करून सुट्टे पैसे मोजत होता. मावशी म्हणाल्या, “बरे झाले, माझे गुडघे वाचले,” पण त्यांचा चेहरा वेगळेच सांगत होता. पुढच्या खेपेस आम्ही क्रम बदलला. तोच येथे देत आहे.

पणजीहून सिकेरीपर्यंतचे, म्हणजे आग्वादच्या टेकडीच्या पायथ्याच्या गावापर्यंतचे अंतर कोणत्या वाटेने जाता त्यावर अवलंबून सुमारे 15 ते 18 किलोमीटर भरते. मांडवी पूल ओलांडून बेती, वेरे, नेरूलमार्गे कांदोळीला निघणारी वाट मला अधिक पसंत आहे, कारण ती नदी आणि खाजणांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल शेतांच्या, काठाने जाते आणि पर्वरी-कळंगुट मार्गाची गर्दी टळते. स्वतःचे वाहन नसेल तर पणजीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बेतीला उतरावे आणि तेथून कांदोळी-कळंगुटकडे जाणारी बस धरावी. बस सिकेरीच्या पायथ्याशी सोडते. तेथून किल्ल्यापर्यंतची दोन-तीन किलोमीटरची चढण डांबरी रस्त्याची असली तरी दुपारी दोनच्या उन्हात ती पायी चढणे म्हणजे दीपगृहासाठी राखून ठेवलेला दम आधीच खर्च करणे होय. पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या रंगाची भाड्याची मोटारसायकल, किंवा रिक्षा करावी. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि परतीचेही त्याच्याशीच बोलून ठेवावे, कारण संध्याकाळी वर वाहन मिळेलच असे नाही.

हाताशी वेळ असेल आणि मंडळींत इतिहासाची आवड असलेले कोणी असेल, तर टेकडी चढण्यापूर्वी नदीच्या बाजूला पायथ्याशी असलेला जुना तुरुंग पाहावा. पोर्तुगीज राजवटीत राजकीय कैद्यांना येथे ठेवीत. 1946 साली गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना येथे कोंडले होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पुन्हा गोव्यात शिरलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनाही पकडून येथेच आणण्यात आले. मुक्तीनंतरही अनेक दशके हा तुरुंगच होता. डिसेंबर 2021 मध्ये येथे संग्रहालयाचे उद्घाटन झाले. कोठड्यांत उभे राहिले की समुद्राचा आवाज ऐकू येतो, समुद्र मात्र दिसत नाही. तासभर पुरतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी घरून तासभर उशिरा निघावे आणि थेट वर जावे.

वरच्या किल्ल्यात तीनच्या सुमारास पोहोचावे. हा किल्ला 1612 मध्ये पूर्ण झाला. डचांच्या धास्तीने पोर्तुगीजांनी तो मांडवीच्या मुखाशी उभारला. नाव पाण्यावरून पडले आहे, कारण पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी, आणि येथे गोड्या पाण्याचा झरा असल्यामुळे लांबच्या प्रवासाची जहाजे येथे थांबून पिंपे भरून घेत. किल्ल्याच्या पोटातले टाके 23 लाख 76 हजार गॅलन पाणी मावेल एवढे सांगतात. चिऱ्याच्या त्या विस्तीर्ण अंगणात पाऊल टाकल्यावर पुष्कळांना “येथे पाहण्यासारखे आहे तरी काय?” असे वाटते, आपण त्या टाक्याच्याच छतावर उभे आहोत हे सांगितले की मुले पाय आपटून पाहू लागतात. सावली येथे जवळजवळ नाहीच. टोपी किंवा छत्री, माणशी एक बाटली पाणी आणि मागे पट्टा असलेली पादत्राणे एवढे सामान पुरेसे आहे. सपाता नकोत, कारण त्या चिऱ्यावर निसटतात आणि दीपगृहाच्या जिन्यावर तर फारच त्रास देतात. तटावरून फिरताना कोरडा खंदक पाहावा, जुन्या दीपगृहाला एक फेरी मारावी आणि पाऊण तासात बाहेर पडावे. सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातील मोठी घंटा 1841 पासून तीस वर्षे आग्वादलाच होती. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेली आणि आजही पणजीकर तिचाच नाद ऐकतात. आधी उल्लेखिलेल्या त्या पडक्या मनोऱ्याचा आवाज असा या टेकडीवरून होऊन राजधानीत पोहोचला आहे.

चारच्या सुमारास नव्या दीपगृहाच्या फाटकाशी असावे. तिकीट किरकोळ असते, कॅमेऱ्याचे वेगळे पडू शकते. दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवाव्यात, कारण टेकडीवर मोबाइलने पैसे देण्याचा भरवसा धरू नये. पिशव्या शक्यतो खालीच, सोबत्याजवळ किंवा गाडीत ठेवाव्यात. जिना गोल फिरत वर जातो. एकाच वेळी दहा-बारा जण वर-खाली करू लागले की कठड्याच्या बाजूने कोणी जायचे यावर लहानशी तडजोड करावी लागते; उतरणाऱ्याला कठडा द्यावा, चढणाऱ्याने भिंतीचा आधार घ्यावा. वळत-वळत चढताना काहींना गरगरते. त्यांनी पायरीकडे एकटक न पाहता मध्येच थांबून खिडकीतून दूरवर नजर टाकावी, दोन श्वास घ्यावेत आणि मग पुढे जावे. शेवटचा टप्पा अरुंद आणि उभा असतो. तेथे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मोबाइल खिशात घालावा आणि लहान मूल असल्यास त्याला पुढे ठेवून मोठ्याने मागून चढावे. उतरताना मोठ्याने आधी उतरावे, म्हणजे तेव्हाही मोठा खाली आणि मूल वर राहते. साडी नेसलेल्यांनी निऱ्या थोड्या वर खोचून घ्याव्यात. मावशींनी तसेच केले आणि माझ्याआधी वर पोहोचल्या.

दारातून सज्ज्यावर पाऊल टाकताच वारा एकदम तोंडावर येतो. टोपी हातात धरावी. बहुतेक लोक लगेच पश्चिमेकडे वळून समुद्राची छायाचित्रे काढू लागतात, आणि समुद्र सुंदर असतोच. पण माझा आग्रह असा की आधी दक्षिणेकडे पाहावे. मांडवीचे मुख तेथे आहे. पलीकडच्या तीरावर मिरामारची वाळू, तिच्या पुढे दोना पावल्याकडे काबोचे टोक आणि झाडीत राज्यपालांचे निवासस्थान, त्याही पलीकडे जुवारीचे मुख आणि मुरगावची टेकडी असे एकामागे एक सरकत गेलेले पडदे दिसतात. गोव्याच्या दोन मोठ्या नद्या समुद्राला कशा मिळतात हे एवढे स्वच्छ दाखवणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही. उत्तरेला सिकेरीपासून कांदोळी, कळंगुट, बागापर्यंत किनारा एका ओळीत जातो. याच किनाऱ्याजवळ 2000 सालच्या पावसाळ्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज रुतले आणि बारा वर्षे तसेच राहिले. त्या काळात वर आलेल्यांच्या छायाचित्रांत ते गंजके धूड हटकून असायचे.

नदीच्या मुखाशी पाण्याचा रंग बारकाईने न्याहाळावा. ओहोटीच्या वेळी निळसर समुद्र आणि गढूळ नदी यांच्यामध्ये लाटा कारण नसताना फुटताना दिसतात. तेथे पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तो दांडा आणि खवळलेला समुद्र यांमुळे मांडवीचे मुख जहाजांना बंद होते, आणि खनिजाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, अशा वेळी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात आले आहेत. टेकडीवरच्या सेंट लॉरेन्सच्या चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, 10 ऑगस्टला असते आणि नदीचे मुख पुन्हा मोकळे होण्याशी त्याचा संबंध जोडतात. आपल्याकडची नारळी पौर्णिमा त्याच सुमारास येते, आणि मासेमारीवरची सरकारी बंदीही 31 जुलैला संपते. तिन्ही दिवसांचे नाते एकाच समुद्राशी आहे, हे वरून त्या फुटणाऱ्या लाटा पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दिव्याच्या खोलीकडेही लक्ष द्यावे. दिव्याभोवती काचेची वलयांकित भिंगे असतात. दिव्याचा सगळीकडे पसरणारा प्रकाश गोळा करून तो आडव्या झोतात फेकणे हे त्यांचे काम. दिवसा अशा खोल्यांना पडदे लावतात, कारण तीच भिंगे उलट दिशेने सूर्याचे ऊन आत एकवटून दिव्याची हानी करू शकतात. कर्मचारी कामात नसतील तर आदराने विचारावे. विचारणाऱ्याला ते बहुधा आनंदाने सांगतात. काचेला हात लावू नये.

वर वीस मिनिटे पुरेशी आहेत आणि खाली वाट पाहणाऱ्यांचाही विचार करावा. सूर्यास्त मनोऱ्यावरून पाहण्याचा हट्ट धरू नये. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास आणि मेअखेर सातच्या सुमारास बुडतो, आणि त्याआधीच खाली उतरायला सांगण्यात येते. त्यासाठी टेकडी उतरून सिकेरीच्या पाण्यात घुसलेल्या खालच्या बुरुजावर यावे. तेथे तिकीट नाही, बसायला कट्टा आहे आणि लाटा थेट चिऱ्यावर आदळतात. ओल्या, शेवाळलेल्या भागावर मात्र जाऊ नये.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत हवा सर्वांत स्वच्छ असते आणि मुरगाव स्पष्ट दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत धुरकट असते. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते, पण चिरे निसरडे असतात आणि वाऱ्यात सज्ज्यावर उभे राहणे कठीण जाते. रविवार आणि नाताळाचा आठवडा टाळता आला तर टाळावा, अन्यथा कांदोळीच्या रस्त्यावरच तासभर जाईल. भूक लागल्यास वर काही मिळेल या आशेवर न राहता परतताना नेरूल किंवा बेतीला गाडी थांबवून भाजी-पाव आणि मिरची भजी खावीत.

पणजीला राहणाऱ्यांनी थेट घरी न जाता पाच मिनिटे मिरामारला थांबावे. काळोख पडलेला असतो आणि नदीपलीकडे, आपण दुपारी जेथे उभे होतो तेथून, झोत फिरू लागलेला असतो. प्रत्येक दीपगृहाची लखलख ठरलेली असते आणि दोन लखलखींमधल्या अंतरावरून खलाशी आपण कोणत्या किनाऱ्याशी आहोत हे ओळखतो. मुलांना घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहून ते अंतर मोजायला सांगावे. एकदा मोजून थांबू नये. तीनदा मोजावे आणि तिन्ही आकडे जुळतात का ते पाहावे.