२०५ जीटीआय की ३०९ जीटीआय: मागच्या चाकांपासून बघायला लागा

प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या या दोन जुन्या, जोरकस (जीटीआय) गाड्यांत इंजिनावरून निवड करू नका. २०५ जीटीआय १.९ आणि ३०९ जीटीआय, दोघींत तेच १९०५ सीसीचं, १३० अश्वशक्तीचं इंजिन. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा, इंजिन थंड असताना स्वतः स्टार्टर मारा, एवढं पुरे.

माझं गॅरेज रत्नागिरीत. कल्याणला बनलेल्या ३०९ माझ्या हाताखालून गेल्या आहेत; त्या १.४ पेट्रोल नाहीतर १.५ डिझेल, जीटीआय नव्हेत. पण भाचा इंग्लंडात कोव्हेंट्रीला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा या दोन्ही चालवल्या. ३०९ तर तिथूनच जवळ, रायटनच्या कारखान्यात बनायची.

आता मुख्य काम. गाडी सपाट जागी उभी करा, दहा पावलं मागे जा आणि खाली बसून मागची चाकं बघा. वरची कड आत झुकलेली दिसली तर मागचा एक्सल गेला. दोन्ही गाड्यांत मागची चाकं धरणारे आर्म एका आडव्या नळीत नीडल बेअरिंगवर (सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर) फिरतात. सील फाटलं की पाणी आत जातं, बेअरिंग गंजतं आणि शाफ्ट खातं. मग जॅक लावून चाक वर-खाली, आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला किंवा करकर ऐकू आली, तर अख्ख्या एक्सलच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करा. चकाचक रंगापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

गंज आपल्याला शिकवायला नको. इथे खारा वारा पत्रा खातो, तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. दारांखालचा पत्रा, जॅक लावायची जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीचा तळ तपासा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा; चिकटला नाही तर तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे.

चालवताना फरक कळतो. २०५ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४२० मिमी, ३०९ चा २४६९. वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की २०५ ची शेपूट बाहेर निघते, आणि ओल्या रस्त्यावर हे फार पटकन होतं. ३०९ तिथे जास्त सावरून घेते. आंबा घाटासारखा पावसातला रस्ता डोळ्यांसमोर आणला तर मी ३०९ च घेईन, आणि भाच्यालाही तेच सांगितलं. हलकेपणा आणि चपळाई मात्र २०५ ची. जिच्यासाठी जीव टाकावा अशीच ती गाडी आहे.

३०९ घेणार असाल तर दिवे, बंपर, आतलं प्लॅस्टिक आणि सीटचं कापड शाबूत आहे ना, हे आधी बघा. इंजिनाचे भाग २०५ मुळे मिळतात, पण ३०९ चं हे बाहेरचं-आतलं सामान शोधत बसावं लागतं.