जय मवानी

कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवता येतं, युनिकोड फाँट टाकता येतो, एवढं तुम्हाला येतंय असं धरतो. कबड्डीची जर्सी, व्यायामशाळेची पाटी, दहीहंडीचा फ्लेक्स, टेम्पोच्या काचेवरचा स्टिकर, गिऱ्हाईक सगळीकडे एकच मागतं: जाड, टोकदार, उजवीकडे झुकलेलं, पळतंय असं वाटणारं अक्षर. इंग्रजीत असे तिरपे फाँट ढिगानं आहेत, देवनागरीत फारसे नाहीत. मग सगळे ‘टेको’ हा फाँट घेतात आणि स्क्यू मारतात, म्हणजे अक्षर ओढून तिरपं करतात. फुकट आहे, चौकोनी आहे, जर्सीवर शोभतो. पण तो उभा काढलेला फाँट आहे.

मी शिकाऊ होतो तेव्हा बारा जर्सींचं काम आलं, पाठीवर ‘जय भवानी’. स्क्यू मारला. दुकानातले सर मागून म्हणाले, “अजून जाड कर, उठून दिसेल.” दोन मिलिमीटरची आउटलाइन दिली, तिचं ऑब्जेक्ट केलं, वेल्ड मारून अक्षराशी एकजीव केलं, व्हिनाइल कापणाऱ्या कटरला पाठवलं.

आता नीट ऐका. ‘भ’ची डोक्यावरची रेघ तुटलेली असते, डावीकडे वर गाठ असते, ‘म’ची रेघ सलग. आउटलाइन निम्मी आत, निम्मी बाहेर जाते. म्हणजे फटीच्या दोन्ही कडा एकेक मिलिमीटर पुढे सरकतात आणि दोन मिलिमीटरची फट गायब. गाठही भरून जाते. ‘ध’चा ‘घ’ अगदी असाच होतो. आणि गरम प्रेसनं कपड्यावर चिकटवायचं व्हिनाइल उलटं कापतात, त्यामुळे स्क्रीनवर सगळं आरशातलं. डोळा ते वाचतच नाही. प्रेस उचलली तेव्हा पाठीवर ‘जय मवानी’. बाराच्या बारा. पैसे माझ्या पगारातून गेले. सरांना आपलं वाक्य आठवतही नव्हतं.

म्हणून आउटलाइननं अक्षर जाड करू नका. कधीच नाही. फाँटचंच जाड वजन घ्या, कर्व्ह करा, ‘भ’ आणि ‘ध’ची फट नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, ओढून आधीच रुंद करा. मिरर मारण्यापूर्वी कागदावर प्रिंट काढून कामाबाहेरच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. मी चहावाल्या काकांना देतो.

स्क्यू दहा-बारा अंशांपुढे नेऊ नका. तिरपं केलं की वरचं उजवीकडे आणि खालचं डावीकडे सरकतं: रफार पुढच्या अक्षरावर चढतो, उकार मागच्याच्या पायाशी जातो. ‘गुरुकुल’ टाकून बघा, कळेल. उकार एकेक करून हातानं जागेवर आणावे लागतात. पाच मिनिटांचं काम आहे, घाबरू नका.

‘एका क्लिकमध्ये स्पोर्टी टेक्स्ट’वाले व्हिडिओ बघून काही येत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा जुन्या पेंटरशेजारी तासभर बसा. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं बघा; हातानं काढलेली, वाटेल तशी झुकलेली, तरी ‘भ’ कुठेच ‘म’ होत नाही.

त्यातली एक जर्सी अजून माझ्याकडे आहे. गाडी पुसायला वापरतो.